चिठ्ठीत नाव न निघालेली मुलं

रामदासपेठेत आम्ही संध्याकाळी वाचनवर्ग चालवतो. जागा ३०, येऊ पाहणारी मुलं ६०. देणगीदार विचारतात, ‘फरक पडला, हे कशावरून?’

सरळ पद्धत अशी: चिठ्ठ्या टाका, ३० मुलं आत घ्या, सहा महिन्यांनी साठांचंही वाचन तपासा. नाहीतर मुलं वर्गामुळे वाचायला लागली की नुसती वयानं वाढली म्हणून, हे कळणार कसं?

पण ज्याला शिकवलं नाही त्याची परीक्षा मात्र घ्यायची, हे मला टोचतं.

तशी ३० मुलं बाहेर राहणारच आहेत. चिठ्ठी नसली की ज्याची आई ओळखीची, तो आत येतो. त्यापेक्षा चिठ्ठी बरी. (हे बाहेर राहिलेल्याच्या आईला समजावून बघा!)

‘प्रथम’च्या बालसखी उपक्रमाची अशी तपासणी २००१पासून मुंबई आणि वडोदऱ्यात झाली, करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. वडोदऱ्यात काही शाळांमध्ये बालसखी तिसरीला दिली, काहींमध्ये चौथीला. पुढच्या वर्षी अदलाबदल. त्यामुळे त्यातली कुठलीच शाळा रिकाम्या हाती राहिली नाही, आणि तुलनाही जमली.

आमच्याकडे एकच खोली. बाहेरच्यांना दुसऱ्या तुकडीत घेता येईल, पण आठ वर्षांच्या पोरासाठी सहा महिने म्हणजे केवढे! म्हणून माझी अट आहे: चिठ्ठ्या टाकण्याआधी पालकांना सगळं सांगायचं आणि दुसऱ्या तुकडीची तारीख भिंतीवर लिहायची. तिच्यापुरते पैसे हातात नसतील, तर तपासणी करायची नाही.