मोठा झाला की त्याचं तो ठरवील?



गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर एक पालक आम्हाला भेटले. प्रथम कम्युनियनच्या वर्गात त्यांनी मुलाचे नाव घातले नव्हते. कारण विचारले तेव्हा थोडे संकोचून म्हणाले, "फादर, पोट्टं मोठं होऊ द्या, मंग त्याचं त्यालेच ठरवू द्या. उगा जबरदस्ती कायले?" कापसाची वेचणी सुरू आहे, रविवारी ट्यूशन असते, अशी कारणे आम्ही नेहमी ऐकतो. या गृहस्थांनी तसले काही सांगितले नाही. त्यांनी खरा प्रश्न विचारला. खऱ्या प्रश्नाला खरे उत्तर द्यायला हवे.

प्रश्न असा आहे : ज्याला अजून काही कळत नाही, त्याला आपल्या श्रद्धेत वाढवणे हा त्याच्या स्वातंत्र्यावर घाला नाही का? तान्ह्या बाळाच्या डोक्यावर आम्ही बाप्तिस्म्याचे पाणी ओततो, तेव्हा त्याला कोण विचारते?

यावर एक उत्तर चटकन सुचते. आपल्या जिल्ह्यात कुणाच्या घरी वऱ्हाडी बोलतात, कुणाच्या घरी बंजारा, गोंडी किंवा कोलामी. मूल अठरा वर्षांचे होऊन भाषा निवडेपर्यंत कोणतीही आई त्याच्याशी मुकी राहत नाही. पण हा दाखला आपल्याला निम्म्या वाटेपर्यंतच नेतो. भाषा खरी किंवा खोटी नसते. श्रद्धा मात्र 'हे सत्य आहे' असे सांगते. म्हणून तिच्या बाबतीत मुलाच्या संमतीचा प्रश्न उरतोच.

तरी ती निम्मी वाट महत्त्वाची आहे. मुलाचे मन आपण कोरे ठेवले, तरी ते कोरे राहत नाही. मोबाइल लिहितो, बाजार लिहितो, शेजारपाजार लिहितो. आणि ज्या घरात देवाचे नाव कधी निघत नाही, तेथे मूल एक गोष्ट नक्की शिकते : ही बाब फारशी महत्त्वाची नाही. काही न शिकवणे हेही एक शिकवणेच असते.

आपल्या महाराष्ट्रातील एका आईला हाच प्रश्न फार कठीण रूपात भेटला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यांच्याबरोबर त्यांची दोन वर्षांची मुलगी मनोरमा हिचाही झाला. रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. वाँटेजच्या धर्मभगिनी अँग्लिकन होत्या. या भगिनींनी रमाबाईंना आधार दिला, माया दिली. पण मनोरमेला धर्माचे काय आणि कसे शिकवायचे, यावरून पुढे रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांच्यात तीव्र मतभेद झाले. ज्यांनी आपल्याला ख्रिस्ताकडे येण्यास हात दिला, त्यांच्याही हाती रमाबाईंनी आईचा अधिकार सोपवला नाही. मनोरमा मोठी झाली, आईच्या कार्यात खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि १९२१ मध्ये आईच्या आधी वारली. पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या.

या घटनेतून आम्हा धर्मगुरूंनीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मुलाच्या श्रद्धेची पहिली जबाबदारी आईबापांची. धर्मशिक्षणाचा वर्ग त्यानंतर येतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार वाचला होता, तो अजून मनात आहे. ख्रिस्ती नसलेल्या आईबापांच्या मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा द्यावा का, या प्रश्नावर तेराव्या शतकातील या संताने 'नाही' असे उत्तर दिले. ते नैसर्गिक न्यायाविरुद्ध आहे असे सांगितले. त्यांनी दिलेले कारण सुंदर आहे. जन्मापूर्वी मूल आईच्या उदरात असते. जन्मानंतर स्वतःची समज येईपर्यंत ते आईबापांच्या काळजीच्या जणू आत्मिक उदरात असते.

म्हणजे जो अधिकार शेजारच्या हिंदू, बौद्ध, मुस्लीम आईबापांचा, तोच आपला. आपल्या संविधानाचे अठ्ठाविसावे कलमही सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अज्ञान मुलाला धर्मशिक्षण घ्यायला लावू देत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आईबाप हेच मुलांचे पहिले शिक्षक असे सांगितले, आणि त्याच वर्षी श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही बळजबरी होऊ नये, असेही जाहीर केले. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. उदरात बाळाचे पोषण होते, त्याला विचारून नव्हे. पण कोणतेही उदर बाळाला कायमचे आत ठेवत नाही.

येथे आम्हाला आमची एक चूक कबूल केली पाहिजे. पूर्वी एका धर्मग्रामात असताना पाठांतर चुकले म्हणून एका मुलाला आम्ही वर्गात सगळ्यांसमोर फार बोललो. तो पुन्हा वर्गाला आला नाही. त्याला प्रार्थना येत नव्हती, हे कारण आम्ही तेव्हा पुढे केले. खरे तर आम्ही त्याच्यासमोर देवाची जी ओळख ठेवली, ती आमच्या रागाची होती. जबरदस्तीबद्दल ते पालक बोलले, तेव्हा आम्हाला हा मुलगा आठवला.

दुसरीही एक व्यक्ती आठवते. एका माउलीचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि मिस्साला जायचा थांबला. ती विचारते, "फादर, आमचं काय चुकलं?" माउली, कदाचित काहीच चुकले नसेल. पवित्र मरिया आणि योसेफ दरवर्षी वल्हांडण सणाला यरुशलेमला जात. येशू बारा वर्षांचा झाला तेव्हा तोही त्यांच्याबरोबर होता. तो मागे राहिला, तीन दिवसांनी मंदिरात सापडला, आणि त्याने जे उत्तर दिले ते त्यांना समजले नाही (लूक २:४१-५२). जगातल्या सर्वांत पवित्र घरातही मुलाचे बोलणे आईबापांना कळले नाही! मरियेने ते सारे अंतःकरणात जपून ठेवले. आपणही तेवढे करू शकतो : जपावे, प्रार्थना करावी, आणि दार उघडे ठेवावे.

तर त्या पालकांना आमचे उत्तर असे : दादा, तुमचा मुलगा मोठा होऊन स्वतः ठरवील, आणि त्याने ठरवावेच. पण ज्याची ओळखच नाही, ते तो स्वीकारणार कसे आणि नाकारणार तरी कसे? त्याला ओळख करून द्या. रात्री जेवणाआधी मिळून प्रार्थना करा. त्याने अवघड प्रश्न विचारला तर 'गप्प बस' म्हणू नका. उत्तर येत नसेल तर 'मलाही माहीत नाही, आपण फादरांना विचारू' असे म्हणा. तुम्ही मजुराचे पैसे वेळेवर देता की नाही, भांडलेल्या भावाशी बोलता की नाही, हे तो पाहत असतो. त्याचे खरे धर्मशिक्षण तेथे चालते.

बाप्तिस्म्याच्या वेळी आम्ही दाराशीच आईबापांना विचारतो, की मुलाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी तुम्हाला मान्य आहे का. तेव्हा दिलेले 'होय' मुलाने दिलेले नसते, तुम्ही दिलेले असते. त्याचे 'होय' त्याच्याकडेच राहू द्या. आपले मात्र आपण पाळू या.

वर्गात नाव अजूनही घालता येईल. आम्ही वाट पाहत आहोत.

नाझरेथचे पवित्र कुटुंब आपल्या सर्व कुटुंबांसाठी विनंती करो.

आपले धर्मगुरू