पकड देणारं तेल

नागपुरात गिअर ऑइल विकणाऱ्या कुठल्याही दुकानासमोर थोडा वेळ थांबलं की 'नब्बे नंबर' हे शब्द कानावर पडतातच. ट्रकवाला तेच मागतो, ट्रॅक्टरवाला तेच नाहीतर 'एकसौ चालीस', आणि सफारीची जिप्सी चालवणाराही तेच. आकडा जुळला की तेल जुळलं, असा एकंदर हिशोब. पण आकड्यातून कळते ती फक्त जाडी, आणि तीही ऐकून वाटते तशी नसते. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला गिअर ऑइलचं '९०' आणि इंजिन ऑइलचं '४०' किंवा '५०' साधारण सारखीच वाहतात. जाडीपेक्षा महत्त्वाचं आहे ते त्या तेलाने करायचं काम.

तेलाने निसरडं करायचं, आणि जितकं निसरडं तितकं उत्तम, अशी आपली समजूत असते. इंजिनापुरती ती बरीचशी चालून जाते. चारही चाकांना ताकद पोचवणाऱ्या गाडीखाली मात्र ती कोलमडते. तिथे एका डब्यात तेलाने धातूवर धातू घसरू द्यायचा असतो, दुसऱ्यात योग्य क्षणी पकड द्यायची असते, आणि तिसऱ्यात ठरावीक मापानेच घसरू द्यायचं असतं.

डिफरन्शियलपासून सुरुवात करू. जिप्सीसारख्या गाडीत असे दोन, पुढे एक आणि मागे एक. त्यातला पिनियन हा छोटा गिअर क्राउन या मोठ्या गिअरच्या मध्यरेषेवर नसून थोडा खाली बसवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासतही जातात. तिथला दाब इतका असतो की तेलाचा थर पिळून बाहेर पडतो. तो फाटला की धातू वाचवतात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं. उष्णतेने ती दातांवर एक पातळ थर धरतात, तो झिजतो, पुन्हा धरतो. हात धुऊनही न जाणारा गिअर ऑइलचा तो उग्र वास या गंधकाचा. अशी रसायनं भरपूर असलेलं तेल म्हणजे जीएल-५, आणि डिफरन्शियलला तेच हवं.

आता मॅन्युअल गिअरबॉक्स. गिअर टाकताना दोन भागांचे वेग आधी जुळवावे लागतात, आणि ते काम सिंक्रोनायझरची पितळी रिंग करते. चालत्या सायकलवरून शेजारच्या सायकलस्वाराचा हात धरायचा तर आधी वेग सारखा करावा लागतो, तसंच. त्यासाठी रिंगने तेलाचा थर कापून गिअरच्या शंकूला घट्ट धरायला हवं. फार निसरडं तेल घातलं तर ती घसरते आणि गिअर कुरकुरत पडतो. शिवाय तापलेलं गंधक पितळ खातं. म्हणून इथे सहसा जीएल-४ सांगतात. त्यात ही रसायनं साधारण निम्मी असतात. 'पाच नंबर चारपेक्षा भारी' म्हणून जास्त पैसे मोजून जीएल-५ ओतणारं गिऱ्हाईक स्वतःच्या खर्चाने गिअरबॉक्स बिघडवतं. दोन्ही कामांसाठी बनवलेली तेलंही मिळतात, पण तसं डब्यावर आणि गाडीच्या पुस्तिकेत, दोन्हीकडे लिहिलेलं हवं.

कंपास, एक्सयूव्ही ७००, ग्रँड विटारा यांच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह आवृत्त्यांत गोष्ट आणखी नाजूक होते. ताकद मुख्यतः पुढच्या चाकांना जाते. ती चाकं घसरू लागली की मागच्या बाजूचा एक क्लच प्लेटा दाबून मागची चाकं जोडतो. ओल्या क्लचच्या या प्लेटा तेलातच बुडालेल्या असतात. तेल फार निसरडं असलं तर जोड ढिला पडतो. घर्षणाचा मेळ बसला नाही तर पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवताना गाडी थरथरते. काही गाड्यांत हा क्लच आणि डिफरन्शियल एकाच तेलात असतात, काहींत मध्ये सील असतं आणि प्लग दोन. बाहेरून बघून हे कळत नाही, मेकॅनिकलाही. इथे अनुभवापेक्षा पुस्तिकेवर विश्वास ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या बाजूला ताकद मागे वळवणारा एक छोटा डबाही असतो. तेल बहुधा लिटरभराच्या आत, शेजारी तापलेला सायलेन्सरचा पाइप. सर्वात कमी तेल सर्वात जास्त तापतं, आणि सर्व्हिसिंगला विसर पडतो तोही याच डब्याचा.

आता पुन्हा डब्यावरच्या आकड्यांकडे. ७५डब्ल्यू-९० मधला पहिला आकडा उणे ४० अंशांतल्या वागणुकीचा. नागपुरात डिसेंबर २०१८मध्ये पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला तेव्हा थंडीची बातमी झाली होती. उणे ४०चं आपल्याला काय? पण असं तेल बहुधा सिंथेटिक असतं, आणि सिंथेटिक तेल उन्हाळ्यातही लवकर करपत नाही. मे महिन्यात ४५ अंशांत समृद्धी महामार्गावर १२०च्या वेगाने तासन्‌तास जाणाऱ्या गाडीला त्याचा खरा फायदा. पुस्तिकेत 'कठीण वापर' असा वेगळा रकाना असतो. धूळ, उष्णता, ओझं, कच्चे रस्ते. विदर्भातल्या गाडीने तेल बदलण्याचं अंतर त्याच रकान्यातून घ्यावं.

पाण्याचं गणित निराळं, तिथे किलोमीटर मोजत बसायचं नाही. तापलेला डिफरन्शियल नाल्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर म्हणजे हवेचं भोक किंवा सील यांतून पाणी ओढून घेते. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा कित्येक गाड्या त्यात उभ्या होत्या. अशा गाडीचं नुसतं इंजिन ऑइल बदलून भागत नाही. डिफरन्शियलचा प्लगही काढून पाहावं. तेल दुधाळ दिसलं तर ते त्याच दिवशी काढावं.

बदलताना गाडी थोडी फिरवून तेल कोमट करावं आणि चारही चाकं एका पातळीवर ठेवावीत. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, मऊ गाळ असला तर काळजी नाही. बोटाला टोचणारा तुकडा लागला तर तो दाताचा असू शकतो. नवं तेल भरायच्या भोकाच्या काठाशी येऊन ओघळू लागलं की माप पुरं. आणि मेकॅनिकला एक आवर्जून सांगा: खालचा प्लग उघडण्याआधी भरायचा प्लग सैल करून दाखव. तो गंजून अडकला असेल तर तेल काढू देऊ नका, नाहीतर गाडी टो करूनच न्यावी लागेल.