आधी हवा येते

आज नळाचा दिवस. छत्रपती संभाजीनगरात त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. पाणी काही दिवसांआड येतं आणि आपली पाळी घराघराला पाठ असते. तोटी उघडी ठेवून मी अनुलोम-विलोमाला बसते. पाणी यायच्या आधी नळ खाकरतो, फुरफुरतो, रिकाम्या बादलीत नुसतीच हवा सोडतो. मग एक गढूळ पिचकारी. मग धार.

योग शिकायला लागले तेव्हा सगळं लक्ष आत घेण्यावर होतं. छाती भरून पूरक, त्यावर कुंभक, आणि कुठे काही थरथरतंय का याची चाहूल. वर्गात भिंतीवर चक्रांचा तक्ता होता, खालून वर इंद्रधनुष्याचे सात रंग. ते रंग अलीकडचे, हे फार उशिरा कळलं. पूर्णानंदांच्या 1577 सालच्या ‘षट्चक्रनिरूपणा’त बेंबीपाशी असलेल्या मणिपूराच्या दहा पाकळ्या पिवळ्या नाहीत, भरून आलेल्या ढगासारख्या काळ्याभोर आहेत. मराठवाड्यातल्या माणसाला हेच चित्र जवळचं वाटावं. मला मात्र ना पिवळं दिसलं ना काळं. दिसलं म्हणणाऱ्यांशी वाद नाही, पण आपल्याला दिसत नाही म्हणून कुढणं मी सोडलं.

उलगडा झाला तो पाणचक्कीवर. मलिक अंबरने 17व्या शतकाच्या सुरुवातीला या शहरात नहरींनी पाणी आणलं. पाणचक्कीची नहर त्याच परंपरेतली. डोंगराकडचं पाणी जमिनीखालून खापराच्या नळांतून येतं, उंच भिंतीवर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. पंप नाही, उपसा नाही. उगम उंचावर आणि शहर खाली, एवढ्या भांडवलावर सगळं चाललेलं. पण नळात हवा कोंडली तर उतार असूनही पाणी अडतं. म्हणून नहरीच्या वाटेवर मधूनमधून मनोरे बांधले, ताण मोकळा व्हावा आणि हवा निघून जावी म्हणून. पाणी ढकलायची सोय कुठेच केलेली नाही. त्याला वाट देण्याची मात्र ठिकठिकाणी केली आहे.

घरी येऊन पुस्तकं पुन्हा काढली. नाड्यांत मळ असेल तर प्राण मधल्या वाटेने जात नाही, असं ‘हठप्रदीपिका’ म्हणते आणि आधी नाडीशुद्धी सांगते. पतंजलींनी तर कमालच केली आहे. समाधिपादातल्या 34व्या सूत्रात प्राण बाहेर सोडणं आहे, रोखणं आहे. आत घेण्याचा शब्दच नाही. तो येतोच की आपला आपण! आणि नाड्यांवर विश्वास नसेल त्याने वैद्य धरतात ती नाडी धरून पाहावी. श्वास घेताना ती किंचित भरभर चालते, सोडताना मंदावते. शांत बसून मनगटावर बोटं ठेवली तर हा फरक पुष्कळांना जाणवतो.

हल्ली चार मोजून घेते, आठ मोजून सोडते. कुंभक सध्या बाजूला. सोडता सोडता खांदे उतरतात, दातावर दात रोवून बसलेला जबडा सैल होतो. रात्रभर तो आवळलेला होता, हेही तेव्हाच कळतं.

आज नळ खाकरला तेव्हा अंगठा उजव्या नाकपुडीवर होता. पूर्वी ताडकन उठले असते. सहा, सात, आठ. तेवढ्यात पिचकारीही होऊन गेली. मग उठून हंडा लावला.