दुसरा रकाना

मिरजेतल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात दरवर्षी ऑगस्टमध्ये पेढ्यांचा पुडा यायचा. आणणाऱ्या बाई आष्ट्याकडच्या. मुलगा 2014 सालचा, तिसऱ्या खेपेला राहिलेला. पेढे देताना त्या न चुकता म्हणत, "दोनदा गर्भ सोडला, दोन्ही वेळा वाया गेला. तिसऱ्यांदा तुम्ही पिशवी खरवडलीत आणि राहिलं बघा." केंद्राच्या डॉक्टर मॅडम हसून पेढा तोंडात टाकत. पेढा खाताना कोण वाद घालतं?

पिशवी खरवडणं हा बायकांचा शब्द. डॉक्टर त्याला एंडोमेट्रियल स्क्रॅचिंग म्हणतात. टेस्ट ट्यूबच्या उपचारात गर्भ सोडायच्या आधी एक बारीक प्लॅस्टिकची नळी गर्भाशयात घालून आतल्या अस्तराला मुद्दाम ओरखडे काढायचे. काम काही मिनिटांचं, पण कळ येते. तर्क असा, की जखम भरून येताना शरीरात ज्या हालचाली होतात त्यांनी अस्तर गर्भाला धरून ठेवायला जास्त तयार होतं. 2003 मध्ये इस्राएलमधल्या रेहोवोतच्या डॉक्टरांनी एक छोटा अभ्यास छापला. आधी टेस्ट ट्यूबचा उपचार फसलेल्या 134 बायका. खरवडलेल्या 45 पैकी 30 जणींना दिवस गेले, न खरवडलेल्या 89 पैकी 27 जणींना. म्हणजे दुपटीहून जास्त. दोन-तीनदा रिकाम्या हाती परत गेलेली बाई समोर बसलेली असताना असा आकडा कुठल्या डॉक्टरला सोडवेल? बघता बघता जगभरच्या केंद्रांत हे सुरू झालं. मिरजेतही झालं, आणि बिलात त्याची एक वेगळी ओळ आली.

मग जानेवारी 2019 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ऑकलंडच्या संशोधकांची मोठी चाचणी आली. पाच देश, 13 केंद्रं. मॅडमनी ती रात्री जागून वाचली, पानाची घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. पुढचे आठ-नऊ महिने त्या खरवडतच राहिल्या. बायका मागत होत्या, हे खरं. फी मिळत होती, हेही खरं. आणि ऑगस्टात पेढे आले होते.

त्या दिवाळीनंतर पेढेवाल्या बाईंची धाकटी जाऊ नवऱ्याबरोबर आली. लग्नाला सात वर्षं, एकदा गर्भ सोडून वाया गेलेला. दोघांची भाजीच्या रोपांची नर्सरी. तिच्या नखांत कोकोपीट होतं, ते लपवायला ती हात पदराखाली धरून बसली होती.

"मॅडम, वैनीला केलं तसं हिलाबी करा," नवरा म्हणाला. "खरवडायचं. पैशाचं बघू."

मॅडमनी ड्रॉवर उघडला. का उघडला, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. घडीचा कागद टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "त्यानं फरक पडत नाही असं आता दिसतंय."

नवऱ्याचा चेहरा पडला. वैनीला एक न्याय आणि आपल्याला दुसरा, असं काहीसं त्याच्या मनात आलं असावं. बायकोनं मात्र विचारलं, "किती बायकांवर बघितलं?"

"1364."

"आणि कुणाला खरवडायचं, कुणाला नाही, हे कुणी ठरवलं?"

इतक्या वर्षांत एकाही पेशंटनं हा प्रश्न विचारला नव्हता. खरं म्हणजे कॉन्फरन्सला आलेले डॉक्टरही तो फारसा विचारत नाहीत.

"का हो, ताई?"

"आमच्याकडं एक औषधवाला आला होता. मिरचीची रोपं मरत नाहीत म्हणाला, उगवण वाढते म्हणाला. दहा ट्रे औषधाचे, दहा बिनऔषधाचे, बघाच म्हणाला. औषधाचे ट्रे त्यानंच उचलून शेडनेटच्या चांगल्या कडेला मांडले. उगवण त्याचीच जास्त आली. पुढच्या लॉटला मी चिठ्ठ्या टाकून ट्रे लावले."

"मग?"

"मग तो परत आला नाही."

मॅडमना हसू आलं आणि जरा लाजही वाटली. "इथंही चिठ्ठ्याच टाकल्या होत्या. संगणकानं. डॉक्टरला निवडायला वावच नव्हता." त्यांनी कागद तिच्याकडे वळवला. खरवडलेल्या 690, त्यातल्या 180 जणींना मूल झालं. न खरवडलेल्या 674, त्यातल्या 176 जणींना. तिनं पदराखालचा हात बाहेर काढला आणि मोबाइलवर भागाकार केला. दोन्हीकडे 26.1.

"सारखंच की."

"पण त्या बायकांना माहीत असंल ना, आपल्याला खरवडलंय ते?" नवऱ्याचा प्रश्नही काही कच्चा नव्हता.

"माहीत होतं. पण मूल जन्माला आलं की नाही हे मोजायचं होतं. ते नुसतं माहीत असण्यानं बदलेल असं मला वाटत नाही."

"मग वैनीचं कसं झालं?"

मॅडम थांबल्या. त्या घरातलं पाच वर्षांचं पोर त्याच ओरखड्याच्या नावानं ओळखलं जात होतं. बोलली ती बायकोच, तीही नवऱ्याकडे न बघता. "न खरवडता 176 जणींना झालं, अहो. वैनीला तसंबी झालं असतं, कुणाला ठावं. ज्यांना खरवडून झालं नाही, त्या पेढे घेऊन येतात व्हय?"

"पण तोटा तर नाही ना?" तो हट्टाला पेटला होता. "मग करून टाका की. मनाला रुखरुख नको."

"तोटा मोठा नाही," मॅडम म्हणाल्या. "कळ येईल, एक फेरी वाढेल. पण मी पैसे कशाचे घेऊ?"

हेच त्यांनी जानेवारीत स्वतःला विचारायला हवं होतं.

न खरवडता डिसेंबरात गर्भ सोडला. चौदा दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह.

नवरा फार मोठ्यानं बोलला नाही. मोठ्यानं बोलला असता तर मॅडमना सोपं गेलं असतं. फाइलवर बोट ठेवून तो एवढंच म्हणाला, "तेवढं केलं असतं तर?" यावर कुठल्याही जर्नलमध्ये उत्तर नाही. खरवडून रिपोर्ट निगेटिव्ह आला असता तर हा माणूस "सगळं केलं, नशीब नाही" म्हणत घरी गेला असता आणि मॅडमना दोष लागला नसता. हा ओरखडा इतकी वर्षं टिकला त्यात या सोयीचाही वाटा असणार, असं मला वाटतं. तो बाईच्या पोटात निघतो आणि आराम डॉक्टरला पडतो.

बायको त्या दिवशी काहीच शहाणपणाचं बोलली नाही. डोळे सुजलेले होते. पावती पर्समध्ये ठेवली, नवऱ्याला पुढं जाऊ दिलं आणि दारात थबकली.

"मॅडम, तुम्ही आजवर किती जणींना खरवडलं? त्यातल्या किती राहिल्या?"

आवाजात आरोप नव्हता. एका लॉटची उगवण विचारावी तसं तिनं विचारलं.

"बघून सांगते," मॅडम म्हणाल्या.

रविवारी केंद्र बंद असतं. मॅडमनी 2012 पासूनची रजिस्टरं काढली, एका कोऱ्या वहीत पट्टीनं रेघ मारून दोन रकाने पाडले. डावीकडे खरवडलेल्या, उजवीकडे न खरवडलेल्या. मग एकदा तरी उपचार फसलेली एकेक बाई शोधून उतरवायला सुरुवात केली. नाव, तारीख, राहिलं की नाही. कित्येक नावांना चेहरा आठवत नव्हता. पेढेवाल्या बाईंचं नाव आलं, त्याच्या वरखाली आणखी नावं होती, आणि त्यांतल्या बऱ्याचजणी पुन्हा कधी आल्या नव्हत्या. डावीकडचा रकाना पान उलटून पुढे गेला, मग आणखी एक पान.

चहा दोनदा गार झाला. दुपारी शेवटचं रजिस्टर मिटलं तेव्हा उजवीकडचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. एकदा तरी फसलेल्या प्रत्येकीला त्यांनी खरवडलं होतं. एकही सोडली नव्हती.

बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत बसल्या. मग पेन उचलून तिथे पहिलं नाव लिहिलं, नर्सरीवाल्या ताईंचं. डिसेंबरची तारीख घातली. पुढे लिहिलं, नाही.

आणि ताईंना फोन लावला.