महागडे यंत्र आणि आपले कर्तव्य

एखाद्या घरी सांत्वनाला गेलो की कधी कधी मुलगा आपल्याला बाजूला घेतो आणि हळूच विचारतो, "आम्ही पैसे उभे केले असते, रोबोटने ऑपरेशन केले असते, तर पप्पा वाचले असते का?" आपण त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, 'देवाची इच्छा' म्हणतो आणि विषय बदलतो. पण त्याच्या मनातला सल तसाच राहतो. जठराच्या कर्करोगाच्या निमित्ताने या प्रश्नाला आज आपण सरळ सामोरे जाऊ या.

जानेवारी १८८१ मध्ये व्हिएन्ना शहरात थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदाने ४३ वर्षांच्या एका स्त्रीच्या जठरातील कर्करोगाचा भाग यशस्वीपणे कापून काढला. ती शस्त्रक्रियेतून सावरली, पुन्हा अन्न खाऊ लागली. मात्र सुमारे चार महिन्यांनी ती वारली, कारण रोग आधीच शरीरात पसरला होता. ऑपरेशन टेबलावरचे यश आणि पाच वर्षांनंतरचे आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा तेव्हापासून वैद्यकशास्त्रासमोर आहे.

रोबोट म्हणजे आपोआप शस्त्रक्रिया करणारे यंत्र नव्हे. डॉक्टरच शेजारी बसून, आतले दृश्य मोठे करून पाहत, यंत्राचे बारीक हात चालवतात. हे हात थरथरत नाहीत आणि मनगटासारखे वळतात. अवघड जागी त्याचा उपयोग होतो, हे खरेच. परंतु त्यामुळे रुग्ण अधिक वर्षे जगतो का?

या रोगाचा सर्वाधिक अनुभव जपान, कोरिया आणि चीन या देशांना आहे. कोरियात प्राथमिक अवस्थेतील १,४१६ रुग्णांची पाहणी झाली. निम्म्यांचे पोट उघडून आणि निम्म्यांचे दुर्बिणीने ऑपरेशन केले गेले. २०१९ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत शंभरातील सुमारे ९३ ते ९४ रुग्ण हयात होते. दुर्बीण आणि रोबोट यांची तुलना तेथेच ४३४ रुग्णांवर झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात गुंतागुंतीचे प्रमाण सारखेच आढळले. रोबोटला वेळ आणि पैसा मात्र अधिक लागला. उलट चीनमधील एका रुग्णालयाने ३०० रुग्णांवर केलेल्या चाचणीत तीन वर्षांनंतर रोबोट गटाचे निकाल अधिक चांगले दिसले. तेव्हा रोबोटला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तो नसेल तर माणूस हकनाक गेला, असे म्हणायलाही आधार नाही.

मग आयुष्य खरोखर कशाने वाढते? कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी करण्याची राष्ट्रीय योजना आहे. त्यामुळे रोग लवकर सापडतो. आपल्याकडे मात्र महिनोन् महिने 'ॲसिडिटी आहे' म्हणून गोळ्या घेतल्या जातात. वजन घटते, अन्नावरची वासना जाते, शौचाला काळे होते, तरी आपण थांबतो. औषधांचेही तसेच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका मोठ्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर दिलेली चार औषधांची नवी केमोथेरपी जुन्या केमोथेरपीपेक्षा सरस ठरली. रुग्णांचे मध्यम आयुर्मान ३५ महिन्यांवरून ५० महिन्यांवर गेले. हत्यार कोणते, यापेक्षा वेळेवर निदान, योग्य औषध आणि अनुभवी हात यांचे पारडे जड आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे आपल्याला धीर देते. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केले होते की, जीव जपण्यासाठी साधारण उपाय करणे हे आपले कर्तव्य आहे. स्वतःवर वा इतरांवर असह्य भार टाकणारे उपाय करण्याची सक्ती नाही. १९८० च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्राने कुटुंबावर पडणाऱ्या खर्चाचा विचार करणेही योग्य मानले. त्याच पत्रात, दुसरा पुरेसा इलाज नसेल तर रुग्णाच्या संमतीने अगदी नवे उपाय वापरायलाही मोकळीक आहे. म्हणजे ज्याला परवडते त्याने रोबोटची निवड करणे पाप नाही, आणि ज्याला परवडत नाही त्याने साधे ऑपरेशन स्वीकारणे हाही गुन्हा नाही.

मात्र निर्णयाआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारायला संकोच करू नये. रोग कोणत्या टप्प्यात आहे? साध्या पद्धतीने केले तर आम्ही नेमके काय गमावू? असे ऑपरेशन तुम्ही किती वेळा केले आहे? पुढील औषधांना किती खर्च येईल? वाडी विकून एका दिवसाचे यंत्र घ्यायचे आणि केमोथेरपीला पैसे उरू नयेत, हे शहाणपण नव्हे. आणि हे सगळे ठरवताना खुद्द रुग्णाला अंधारात ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. शरीर त्याचे आहे.

ऑपरेशननंतरची वर्षेही परिणामातच मोडतात. जठर काढलेल्या माणसाला एका वेळी पोटभर जेवता येत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे लागते. पूर्ण जठर काढले असेल तर बी-१२ जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते. वजन उतरते, मन खचते. हे काम कोणताही रोबोट करत नाही. ते सून करते, मुलगा करतो, शेजारी करतो.

म्हणून त्या मुलाने पुन्हा विचारले, तर त्याला मोकळेपणाने सांगू या: "बाबा, रोबोट नव्हता म्हणून पप्पा गेले, असे कोणी सांगू शकत नाही. तू त्यांना वेळेवर नेलेस, खरे सांगितलेस, वाटीतली पेज चमच्याने भरवलीस. तुझे कर्तव्य तू केलेस." आणि ज्याच्या घरी आज आजारी माणूस आहे, त्याला नुसते सांत्वन नको, आज दुपारी त्याच्या घरी जाऊन तासभर आजाऱ्याजवळ बसू या.