मांजर आणि दाराची कडी

मांजर घरांत ठेवावें कीं बाहेर मोकळें सोडावें, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पंक्तीस बसविण्याइतका मोठा आहे काय, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. आपल्या जुन्या वाड्यांत हा प्रश्न कोणाच्या मनांत उद्भवतच नसे. परसदार दिवसभर उघडें असे, धान्याच्या कोठीपाशीं उंदरांची वर्दळ असे, आणि मांजर कोणाची परवानगी न घेतां येई व जाई. त्यास कोणी मुद्दाम पाळीत नसे. तें घरांत राही इतकेंच. आज तेंच मांजर शहरांत पांचव्या मजल्यावरील दोन खोल्यांत राहतें, आणि तेथील दार माणसानें उघडल्याखेरीज उघडत नाहीं. दाराची कडी माणसाच्या हातीं आली, आणि तिजबरोबर हा प्रश्नही आला. जेथें एका जीवाचें जाणेंयेणें दुसऱ्याच्या इच्छेवर अवलंबून राहतें, तेथें विषय लहान असला तरी प्रश्न नीतीचाच होतो.

मोकळें सोडावें म्हणणारांची बाजू प्रथम पाहूं. बैलास वेसण घालून माणसानें आपलासा केला, तसें मांजराचें झालें नाहीं. शेती सुरू झाली, धान्याच्या राशी पडल्या, उंदीर जमले, आणि त्यांच्या मागोमाग रानमांजर आपल्या पायांनीं वस्तीशीं आलें. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वींची एक कबर सांपडली आहे. तींत माणसाच्या शेजारीं मांजर पुरलेलें आहे. इतका जुना हा सहवास उभयतांच्या सोयीनें जडलेला आहे; त्यांतील एकानें दुसऱ्यास कोंडणें हा विश्वासघात होय. शिवाय दबा धरणें, झाडावर चढणें, आपल्या हद्दीची रोज फेरी मारणें हेंच ज्याचें जीवन, त्यास तें सर्व काढून घेऊन चार वर्षें अधिक दिलीं, तरी दिलें काय आणि घेतलें काय?

दुसरी बाजूही तितकीच सबळ आहे. रस्त्यावर मोटारी आहेत, मोकाट कुत्रीं आहेत, मारामारींतून जडणारे रोग आहेत. मांजर धोका ओळखतें हें खरें, पण तो रानांतला. वेगानें येणारी मोटार त्याच्या पूर्वजांच्या अनुभवांत नव्हती. धोका जाणून जो तो पत्करतो त्याच्या स्वातंत्र्यास शोभा आहे. न जाणणाऱ्यास धोक्यांत लोटणें हें औदार्य नव्हे, बेपर्वाई होय.

या वादांत एक तिसरा पक्ष मात्र विसरला जातो. तो म्हणजे ज्यांची शिकार होते ते जीव. न्यूझीलंडमधील स्टीफन्स बेटावर १८९४ मध्यें दीपगृह सुरू झालें, आणि माणसांबरोबर मांजरही तेथें गेलें. त्या बेटावर उडतां न येणारा एक चिमुकला पक्षी राहत होता. मांजरानें मारून आणलेल्या नमुन्यांवरून शास्त्रज्ञांस त्याची ओळख झाली, आणि थोड्याच काळांत ती जात नाहींशी झाली. अमेरिकेंत मोकळीं फिरणारीं मांजरें वर्षास सुमारे १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत मोठा वांटा बेवारशी मांजरांचा आहे. तथापि घरचीं मांजरें त्यांतून सुटत नाहींत. जर्मनींतील वालडोर्फ गांवानें २०२२ मध्यें जमिनीवर घरटें करणाऱ्या तुरेवाल्या चंडोलासाठीं गांवाच्या एका भागांतील मांजरें ऑगस्टअखेरपर्यंत घरांत ठेवण्याचा हुकूम काढला. मांजराच्या शिकारीस पाप म्हणतां येत नाहीं, कारण त्यास धर्माधर्म कळत नाहीं. परंतु ज्यानें त्यास खाऊंपिऊं घालून दार उघडलें, त्याच्या खातीं ती शिकार मांडावी लागेल.

तर मग दार लावून घ्यावें आणि स्वस्थ बसावें काय? येथें सावध राहिलें पाहिजे. "बाहेर धोका आहे, आम्ही तुझ्या हितासाठींच सांगतों," हें वाक्य आपल्या समाजानें पुष्कळ ऐकिलें आहे. १८४८ मध्यें पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली, तेव्हां स्त्रियांस उंबरठ्याआड ठेवूं पाहणारेही हिताचीच भाषा बोलत होते. आणि बाहेरचा धोका पुष्कळदां त्यांनींच निर्माण केलेला असे. ज्यास विचारतां येतें आणि जो उत्तर देऊं शकतो, त्यास त्याच्या हिताच्या नांवाखालीं कोंडणें हा उघड अन्याय होय. मांजराची गोष्ट निराळी. त्यास मोटारींविषयीं विचारतां येत नाहीं. पण म्हणूनच कडी लावणाऱ्यानें आपलें मन अधिक कठोरपणें तपासावें. बंधनाची किंमत ज्यास बांधलें त्यालाच द्यावी लागत असेल, तर तो बंदिवास. बांधणाराही ती देत असेल, तर तिला संगोपन म्हणतां येईल.

दक्षिणेंतील वैष्णव आचार्यांनीं भक्तीचें वर्णन करतांना मार्जारकिशोरन्याय सांगितला आहे. मांजरी पिलास तोंडांत धरून नेते, आणि पिलूं निश्चिंत असतें. परंतु तीच मांजरी पिलूं थोडें मोठें होतांच त्याच्यापुढें मेलेला व मग जिवंत उंदीर आणून टाकते. तिचें धरणें सोडण्यासाठींच असतें. शहरांतील माणसास सोडणें शक्य नसेल, तर त्याच्या धरण्यावर तितकेंच अधिक ऋण चढतें.

माझ्या मतें गर्दीच्या शहरांत मांजर घरांतच ठेवावें. मात्र त्यास उंच बसावयास जागा, जाळी लावलेली खिडकी, आणि दबा धरून झेप घेतां येईल असा खेळ रोज दिला पाहिजे. गांवाकडे अंगण असेल तेथें निर्बीजीकरण व रेबीजची लस झाल्यावर दिवसा सोडावें, सांजवेळीं आंत घ्यावें, आणि भोंवतालचीं घरटीं पिलांनीं भरलीं असतील त्या दिवसांत दार लावून ठेवावें. हें सर्व करावयास ज्यास सवड नाहीं, त्यानें दाराविषयीं वाद घालण्यापूर्वीं मांजर आणावें कीं नाहीं याचा विचार करावा. कारण पिलूं हातांत घेऊन घरांत शिरण्याच्या क्षणींच अर्धा निर्णय होऊन गेलेला असतो.