बेवारस खेळांचे दफ्तर

यान पालाख या विद्यार्थ्याने सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ १६ जानेवारी १९६९ रोजी प्रागमध्ये स्वतःला जाळून घेतले. त्या घटनेला वीस वर्षे पुरी झाली तेव्हा त्याच शहराच्या वेन्सेस्लास चौकात जमलेल्या नागरिकांवर चेकोस्लोव्हाकियाच्या पोलिसांनी दंडुके आणि पाण्याचे झोत चालविले. सरकारी वृत्तपत्रांनी त्या आठवड्याची हकीकत कोणत्या रंगात रंगविली असेल, हे सांगावयास नको. परंतु त्याच वर्षी झेडएक्स स्पेक्ट्रम या ब्रिटिश घरगुती संगणकावर चालणारा एक लहानसा शब्दखेळ कॅसेटवरून कॅसेटवर उतरत हातोहात फिरू लागला. अमेरिकन चित्रपटांतील साहसवीर इंडियाना जोन्स हा त्याचा नायक. त्याला १६ जानेवारीस नेमके त्या चौकात आणून सोडलेले, आणि खेळणाऱ्याने अक्षरे टंकून, आज्ञा देऊन, त्याला पोलिसांच्या गराड्यातून जिवंत बाहेर काढावयाचे. पाऊल चुकले की मरण. कर्त्याने आपले नाव घातले नाही, आणि का घातले नाही हे त्या राज्यात राहणाऱ्या कोणासही विचारावे लागले नसते.

कलाकृती म्हणून हा खेळ सामान्य आहे. यारोस्लाव श्वेल्ख यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या देशातील अशा खेळांचा साक्षेपाने शोध घेतला नसता, आणि त्याचा इंग्रजी अनुवाद होऊन तो आजच्या संगणकावर चालता झाला नसता, तर खेळांच्या रूढ इतिहासाला त्याची उणीव भासलीही नसती. तरीही एका राजवटीच्या अखेरच्या वर्षात तेथील तरुणांच्या मनात काय खदखदत होते याचा इतका प्रत्यक्ष पुरावा त्या वर्षीच्या छापील कागदांत सहसा सापडावयाचा नाही. मला म्हणावयाचे आहे ते एवढेच, की जुन्या संगणकीय खेळांचे जतन करावयाचे तर ते नामांकित खेळांपासून सुरू न करता नगण्य ठरलेल्यांपासून सुरू करावे; कारण कोणत्या नगण्य वस्तूचे उद्या साधन होईल, हे ठरविण्याची पात्रता आज कोणाच्याही ठायी नाही.

नामांकितांची काळजी बाजार आपल्या परीने वाहतो. जे विकले गेले होते ते नव्या वेष्टनात पुन्हा विकले जाते. उरलेल्यांची स्थिती कशी आहे, ते व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीवरून दिसते : २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज रीतसर विक्रीस उपलब्ध नाहीत. आणि ही गोष्ट दुकानांतून विकल्या गेलेल्या खेळांची झाली. वेल्समधील गिलसॉफ्ट या छोट्या कंपनीने १९८३ मध्ये ‘द क्विल’ नावाची आज्ञावली काढली; तिच्यामुळे यंत्रभाषा न जाणणाऱ्यालाही शब्दखेळ रचता येऊ लागला, आणि घरी बसून खेळ रचणाऱ्या व ते टपालाने विकणाऱ्या हौशी मंडळींचे एक लहानसे जगच उभे राहिले. त्यांतल्या कित्येक रचना रटाळ आहेत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण सामान्य माणसाला कथा सांगावयाचे एक नवे साधन हाती आले तेव्हा त्याने कोणत्या कथा सांगितल्या, हा प्रश्न ज्याला रटाळ वाटेल त्याने इतिहासाच्या वाटेस जाऊ नये.

आपल्याकडे ही दृष्टी अपरिचित नाही. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढणाऱ्या राजवाड्यांनी पुढे उभे आयुष्य जुनी दप्तरे धुंडाळण्यात घालविले, तेव्हा हिशेबाच्या यादीपासून घरगुती खुशालीच्या पत्रापर्यंत कोणताही चिटोरा त्यांनी क्षुद्र म्हणून बाजूस सारला नाही. मात्र त्यांच्या रुमालांत आणि या कॅसेटींत एक भेद आहे. मोडी कागद वाचणारी माणसे विरळ झाली तरी मोडी शिकता येते. कॅसेटवरील खेळ वाचणारे यंत्रच मेले तर कॅसेट शाबूत असूनही मुकी होते. म्हणून येथे दस्तऐवजाबरोबर त्याच्या वाचकालाही पुन्हा जन्मास घालावे लागते.

हे काम एम्युलेटर करतो. जुन्या यंत्राचे वर्तन नव्या यंत्रावर वठविणारी ही आज्ञावली. स्पेक्ट्रमचा प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख ठोक्यांच्या गतीने चाले आणि त्याची सुरुवातीची मोठी आवृत्ती ४८ किलोबाइट स्मृतीची होती. आजच्या साध्या मोबाइलवर अशी अनेक यंत्रे एकाच वेळी नाचविता येतील, तेव्हा यात कठीण ते काय, असे वाटणे साहजिक आहे. कठीण आहे ते दोषांचे अनुकरण. १९८२ मध्ये किंमत कमी ठेवण्यासाठी केलेल्या काटकसरीमुळे या संगणकाच्या पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक घरात दोनच रंग मावत, त्यामुळे एका रंगाचे पात्र दुसऱ्या रंगाच्या भिंतीजवळ गेले की दोघांचे रंग एकमेकांत मिसळत. फेरांती कंपनीची यूएलए नामक चिप चित्र उमटवीत असताना स्मृतीच्या एका भागापुरते प्रोसेसरला ताटकळत ठेवी. या अडचणींनाच चतुर आज्ञावलीकारांनी राबवून घेतले. ठोक्यांचा आणि थांब्यांचा चोख हिशेब मांडून त्यांनी असे रंग दाखविले, जे यंत्राच्या कर्त्यांच्याही कल्पनेत नसावेत. एम्युलेटरने हे थांबे जसेच्या तसे पाळले नाहीत तर असले खेळ विस्कटतात. ख्रिस स्मिथ यांनी त्या चिपची अंतर्रचना उलगडून दाखविणारा संपूर्ण ग्रंथ २०१० मध्ये लिहिला, याचे मर्म येथे आहे. कॅसेट उतरवून घेणाऱ्यांनीही हाच शिरस्ता पाळला : केवळ अंक न टिपता टीझेडएक्स या फाइलीत ध्वनीच्या स्पंदनांची लांबीही नोंदविली, जेणेकरून नक्कल रोखण्यासाठी योजलेल्या चमत्कारिक युक्त्यासुद्धा अबाधित राहाव्यात.

युक्त्या तरी कशा होत्या! १९८५ च्या सुमारास ‘लेन्सलॉक’ म्हणून प्लास्टिकचे एक भिंग खेळासोबत देत. ते पडद्यावरील विस्कटलेल्या अक्षरांवर धरले म्हणजे ती वाचता यावीत अशी योजना. स्पेक्ट्रमवरील ‘एलाइट’ या खेळाच्या काही खोक्यांत चुकून दुसऱ्याच खेळाचे भिंग गेले, आणि पैसे मोजून घेणारे प्रामाणिक गिऱ्हाईक दाराबाहेर उभे राहिले. आज त्या भिंगाचे कार्य करणारी आज्ञावलीही कोणी तरी लिहून ठेविली आहे.

परंतु एम्युलेटरने सर्व साधते, अशी समजूत मी होऊ देणार नाही. पोर्ट्समथच्या ऑटोमेटा या संस्थेसाठी मेल क्राउचर यांनी १९८४ मध्ये ‘डेउस एक्स माकिना’ नावाचा एक विलक्षण खेळ रचला. यंत्राच्या पोटी जन्मलेल्या एका जिवाचा जन्मापासून वार्धक्यापर्यंतचा प्रवास हा त्याचा विषय. संगणकाला आवाज म्हणण्यासारखा आवाज नसल्यामुळे संगीत आणि संवाद वेगळ्या कॅसेटवर दिले होते. जॉन पर्टवी, इयान ड्युरी आणि फ्रँकी हॉवर्ड अशा नामवंतांचे कंठ त्यात होते, आणि पडद्यावरील सूचना मिळताच खेळणाऱ्याने दुसऱ्या टेपरेकॉर्डरची कळ स्वतः दाबावयाची असे. रसिकांनी वाखाणला, बाजारात आपटला. त्याची संगणकाची फाइल उतरवून ठेवणारा, पण ध्वनीची कॅसेट वगळणारा संग्राहक त्या खेळाचे प्रेत जपतो. तेव्हा खेळासोबत आलेले प्रत्येक वेष्टन, पुस्तिका, नकाशा आणि कॅसेट हे त्याचेच अवयव समजले पाहिजेत.

आता कायद्याकडे वळू, कारण खरी आडकाठी तेथे आहे. कंपनीच्या नावे प्रसिद्ध झालेल्या कृतीस अमेरिकेत ९५ वर्षे संरक्षण मिळते; म्हणजे १९८४ चा खेळ २०७९ संपेतो कोणाच्या तरी मालकीचा राहणार, मग ती कंपनी बुडालेली असो, हक्क तीनदा विकले गेलेले असोत, वा वारस कोण हे खुद्द वारसासही ठाऊक नसो. कॅसेटच्या चुंबकी लेपाला इतकी मुदत दिलेली नाही. शहाणपणाचे दाखले मिळत नाहीत असे नाही. स्पेक्ट्रम काढणाऱ्या सिंक्लेअर कंपनीचा संगणक व्यवसाय १९८६ मध्ये ५० लाख पौंडांस घेणाऱ्या ॲमस्ट्रॅडने १९९९ मध्ये स्पेक्ट्रमची मूळ आज्ञावली, मालकी स्वतःकडे राखून, एम्युलेटरबरोबर वाटण्याची मुभा दिली. कंपनीचे त्यात काहीही गेले नाही. फ्रान्सने तर १९९२ च्या कायद्याने व्हिडिओ खेळांची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याचा दंडकच घातला. याउलट ग्रंथालयांनी अभ्यासकांना असे खेळ दुरून पाहू द्यावेत, ही विनंती अमेरिकन अधिकाऱ्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये अमान्य केली.

हक्कधारकांच्या बाजूचा एक मुद्दा मला रास्त वाटतो. हयात कर्त्याच्या चालू विक्रीवर पाणी सोडावयास लावणारे जतन हे जतन नव्हे, आणि ‘इतिहास’ या नावाखाली फुकट खेळण्याची हौस भागविणारे पुष्कळ आहेत. पण ज्या खेळाची विक्री दशकानुदशके बंद आहे त्यालाही तोच न्याय लावणे म्हणजे ओसाड वाड्याला पहारेकरी नेमून आतल्या कागदांना वाळवी लागू देणे होय. प्रागच्या त्या खेळाचे उदाहरण येथेही बोलके आहे. त्याला मालक नव्हता, परवाना नव्हता, दुकान नव्हते. नकला करणाऱ्यांनीच तो जगविला.

आपल्या कायद्याची तरतूदही तपासण्यासारखी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठविण्याची मोकळीक दिली, परंतु अट अशी की त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत ग्रंथालयाकडे आधीच असावी. पुस्तकाला ही अट पुरी करता येते. जो खेळ जन्मतःच डिजिटल आहे त्याला कधीच करता येणार नाही. मसुदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कागद होता, म्हणून हे झाले असावे. ही अट काढून टाकावी, अशी मागणी ग्रंथालय संघांनी आणि विधिज्ञांनी करावयास हवी.

आणि तोवर थांबण्याचेही कारण नाही. १९८४ पासून आपल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले, त्याच दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स या कंपनीने स्पेक्ट्रम परवान्याने भारतात बनविला. तेव्हा त्यांवर येथल्या मुलांनी आणि शिक्षकांनी रचलेले काही तरी कोणाच्या माळ्यावर पडलेले असणे सर्वस्वी शक्य आहे. अशी कॅसेट ज्यांच्यापाशी असेल त्यांनी ती सहज म्हणून वारंवार वाजवून पाहू नये. स्वच्छ टेपरेकॉर्डरवरून ती एकदाच संगणकात उतरवावी, एमपी३ न करता डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावी, कोणी, केव्हा आणि कोणत्या यंत्रासाठी रचली ते तिच्यासोबत लिहून ठेवावे, आणि मूळ कॅसेट वेष्टनासकट सांभाळावी.